पायरीतली बाई

अंबडहून दुसऱ्या पाळीचा सुटलो, डबा विसळला,
आणि मागच्या सिंहस्थातला खेळ पुन्हा लावायला घेतला.
तेव्हा रस्ते बंद होते, चार दिवस सक्तीची सुट्टी.
मुकुंद शिरसाठनं कॉलेज रोडच्या दुकानातून
काळ्या पिशवीत घालून दिला होता.
म्हणाला होता, "हा संपत नाही."
नाहीच संपला. मध्ये लग्न झालं, प्रणोती झाली.

आता पुढचा सिंहस्थ दारात आहे, द्वारकेला परत खोदलंय,
आणि त्या खेळातही
जगभरच्या रात्र जागणाऱ्यांनी इतकी भर घातलीय
की यादी उघडली आणि मी
दिवाळीच्या आदल्या दिवशी रविवार कारंजावर
पिशवी घेऊन उभा राहिल्यासारखा झालो.

गवत दाट करणारं? नको. माझ्या ग्राफिक कार्डाला दमा आहे.
बायकांचे चेहरे गुळगुळीत करणारी तर शेकड्यानं,
सगळ्या एकाच फोटो स्टुडिओतून आल्यासारख्या.
एकात म्हणे भूक लागते.
म्हणजे त्या बिचाऱ्या तलवारवाल्यानंही डबा न्यायचा?
आणि ते नवं पाणी! नमुन्याच्या चित्रात थेट तळ दिसतो.
मी रामकुंडाजवळ वाढलेला माणूस.
इतक्या नितळ पाण्यावर माझा विश्वास बसत नाही.

मोठे भाग दोन होते, कंपनीचेच.
बर्फाचं बेट सोडून दिलं,
निफाडात पारा चारवर आलाय, तेवढं बर्फ पुरे.
दुसऱ्यात नदीच्या उगमाकडचा मुलूख मिळतो.
पूर्वी नकाशा तिथे धुक्यात संपायचा,
आणि मला उगाच वाटायचं, पलीकडे त्र्यंबक असणार.
तो घेतला.

कीबोर्डखाली प्रणोतीची चिठ्ठी सापडली:
"बाबा घोडा निळा करा."
निळा घोडाही कुणीतरी करून ठेवलाच होता.

राहिली दुरुस्ती.
कुणा परक्या माणसानं, पगार नसताना,
सातशे चुका हुडकून नीट केल्यात, आकडे घालून.
चारशे तेरावर माझं बोट थांबलं.
*घाटावरची टोपलीवाली पायरीत गुडघ्यापर्यंत रुतली होती.
वर काढली.*

ती चूक होती?

मी तिला तशीच ओळखत होतो.
पूर चढताना दुतोंड्या मारुती दिसतो, तशी.
येता-जाता तिच्यापाशी थांबायचो,
तिला एकच वाक्य यायचं:
"पाणी उतरलं की ये."
मी म्हणायचो, बरं.
घर भाड्याचं होतं, नोकरी कंत्राटी होती,
तेव्हा कुणीतरी नंतर बोलावतंय, एवढंही बरं वाटायचं.

नंदिनी आतून म्हणाली, "झोपताय ना?"
म्हटलं, एकीला दगडातून काढायचं की नाही ते ठरवतोय.
ती काही बोलली नाही. कूस बदलल्याचा आवाज आला.

सगळं घेतलं. क्रम चुकला, खेळ दोनदा बसला.
हे चिवड्यासारखं आहे, पोहे शेवटी,
आधी टाकले की सगळी कढई गेली.
दुरुस्ती खाली नेली, घोडा वर आणला,
पावणेदोनला घाट उघडला.

ती वरच्या पायरीवर उभी होती. अख्खी.
आणि तिला पाय होते.
म्हणजे असणारच, पण असे:
टाचेला भेगा, एका बोटात पितळी वेढं,
घोट्याला काळा दोरा, त्याची गाठ सुद्धा.
हे दुरुस्तीवाल्याचं काम नव्हे, त्यानं फक्त उचललंय.
हे पहिल्यापासून होतं.
कुणीतरी, कुठल्यातरी कचेरीत, बसून
ती गाठ घातली होती,
आणि मग ती बाई दगडात गेली.

"पाणी उतरलं की ये," ती म्हणाली,
आणि पहिल्यांदाच चालायला लागली.

मी निळ्या घोड्यावरून उतरलो.
पायऱ्या उतरत, चार हात अंतर ठेवून, तिच्या मागे,
बघू तरी कुठे जाते.